शिट्टीवरचा फाळ

फाल्गुनातली थंडी सासरी निघालेल्या लेकीसारखी असते. निघाले निघाले म्हणते आणि उंबऱ्यातच रेंगाळते. होळी चार दिवसांवर आली होती, तरी शिरड शहापूरच्या शिवारात पहाटं अंगावर काटा उभा राहायचा. आणि दहा वाजले की तेच आभाळ तव्यासारखं तापायचं. म्हणून हळद शिजवणाऱ्यांचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. शेतमालक दगडोबाच्या आखाड्यापुढच्या, म्हणजे वावरातल्या घर-गोठ्यापुढच्या खळ्यावर कुकर केव्हाच पेटला होता.

कुकर म्हणजे घरातला नव्हे. चाकांच्या गाड्यावर बसवलेली पाण्याची लोखंडी टाकी, तिच्या पोटाखाली भट्टी, टाकीतून निघालेले दोन नळ आणि नळांच्या टोकाला माणूस उभा मावेल असे दोन ढोल. ढोलात ओली हळद भरायची, झाकण आवळायचं, नळाचा कॉक सोडायचा. वाफ आत शिरते आणि पाऊण तासात हळद शिजते. मग ढोल कलता करून वाफाळती हळद खाली ओतायची, ताडपत्रीवर पसरायची, तोवर दुसरा ढोल भरायचा. दिवसभर हेच. अंगाला, भाकरीला, स्वप्नालासुद्धा हळदीचा वास.

बेबीबाई भट्टीच्या तोंडाशी उकिडवी बसून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आत सारत होती. पदर कानामागं खोचलेला, हात कोपरापर्यंत पिवळे, आणि ओठ हलत होते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई देवाचं नाव घेत असेल. ती मोजत होती. शिला, निता, अनुसयाकाकी... आठ. आपण नववी. झाल्या बराबर.

"मोजलं का?" अनुसयाबाईनं टोपली ढोलाच्या कडेला टेकवत विचारलं.

"मोजलं."

"मी हाय का त्यात?"

"हायस."

"न्हाई, इचारून घेतलेलं बरं. एकदा इसरलेल्या माणसाला जरा धाकधूक राहती."

बाया हसल्या. हा टोमणा अकरा वर्षांचा जुना होता आणि अजून रोज ताजा निघायचा.

बेबीबाई देविदास राठोड सेनगाव तालुक्यातल्या पेमा नाईक तांड्याची. टोळीचा मुकादम खरा तिचा नवरा. पण अकरा वर्षांमागं देविदासला लकवा मारून गेला, तो अंगणातल्या बाजेला खिळला आणि टोळी हिच्या गळ्यात पडली. पहिल्याच साली कापसाच्या वेचणीहून परतताना आखाडा बाळापूरच्या फाट्यावर जीप थांबली, बाया पाणी प्यायला उतरल्या, जीप निघाली. अर्ध्या वाटेत कुणीतरी म्हणालं, काकी कुठं हाय? अनुसयाबाई फाट्यावरच्या हॉटेलापुढं बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. जीप माघारी आली तेव्हा ती फक्त म्हणाली, "आलात व्हय? मी म्हटलं आता हितंच च्याचं दुकान टाकावं." तेव्हापासून बेबीबाई मोजायला लागली. जीपमधी बसताना मोजायची, उतरताना मोजायची, वावरातून बाहेर पडताना, झोपताना, उठताना.

तांड्यात लोक म्हणायचे, बेबीबाईसारखी मुकादमीण मिळणार न्हाई. दुसरे मुकादम बांधावर सावलीत बसतात, ही आधी आपण वावरात पाय टाकते. ताडपत्री उचलायची तर आधी ही काठीनं बडवते, मग बायांना हात लावू देते. नवीन विहिरीचं पाणी आधी ही तोंडात घेते. सगळ्या जेवल्या का बघून मग भाकरी मोडते. मालकाला जे बोलायचं ते तोंडावर बोलते, पाठीमागं नाही. आणि टोळीला जे सांगेल ते खरं निघतं. चार दिवसांचं काम म्हणाली तर चारच दिवस.

हे सगळं खरं होतं. फक्त ते कशानं होतं, हे बेबीबाई एकटीला ठाऊक होतं. ती भित्री होती. नुसती भित्री नव्हे, अंगात भ्या मुरलेली. लहानपणी बापाच्या बैलानं तिच्या डोळ्यांपुढं एका माणसाला भिंतीला दाबलं होतं, तेव्हापासून म्हणा की आईच्या पोटातूनच म्हणा. सापाचं भ्या वाटायचं म्हणून ती काठीनं बडवायची. दुसऱ्या बाईला काही झालं तर तिच्या घरच्यांपुढं कोणत्या तोंडानं उभी राहू, या भ्यानं ती आधी पाय टाकायची. जीपनं वळण घेतलं की तिचे डोळे मिटायचे. खोटं बोलली तर ते उघडं पडेल याचंसुद्धा तिला भ्या, म्हणून ती खरं बोलायची. लोकांना वाटायचं, माया आहे, हिंमत आहे. ती गप्प राहायची. भित्र्या माणसाच्या मागं टोळी कशाला चालेल?

आणि या भित्र्या बाईनंच काल दुपारी एक काम करून ठेवलं होतं.

कुकरच्या टाकीवर एक शिट्टी असते. आत दाब जास्त झाला की तिची लहानशी दांडी वर उचलते आणि वाफ बाहेर पळते. पण यंदा पऱ्हाट्या चांगल्या वाळलेल्या, आग भडकून लागायची आणि शिट्टी सारखी फुसफुसायची. वाफ हळदीला लागायच्या ऐवजी आभाळात जायची. पाऊण तासाच्या ढोलाला सव्वा तास. हळद तर ढिगानं पडलेली. आणि होळीला तांड्यावर पोचायचंच होतं. होळी म्हणजे तांड्याची दिवाळी; त्यात शिलाचं दोन महिन्यांचं पोरगं, पहिली होळी, त्याची धुंड होती. धुंड म्हणजे सगळा तांडा तान्ह्या पोराभोवती जमून गाणी म्हणतो, काठ्या वाजवतो, पोराला तांड्यात घेतो. ती चुकली तर पुढल्या साली करता येत नाही. बेबीबाईनं शिलाच्या सासूला शब्द दिला होता, होळीच्या आदल्या दिशी तुमची सून दारात उभी करते.

मागल्या साली दुसऱ्या एका टोळीवर तिनं एक युक्ती पाहिली होती. शिट्टीच्या दांडीला वजन टांगायचं, मग ती लवकर उचलत नाही. काल कुकरवाला धम्मानंद जेवायला बसला तेव्हा तिनं आखाड्यातल्या भंगारातून नांगराचा झिजलेला फाळ उचलला, तारेचा फास केला आणि दांडीला अडकवला. शिट्टी टाकीच्या पलीकडल्या अंगाला, चिंचेच्या बाजूला. कुणाला दिसायची नाही. फुसफुस बंद झाली. ढोल पाऊण तासात उतरायला लागले. धम्मानंदनं टाकीवरच्या दाबाच्या काट्याकडं बघितलं. दोन्ही कॉक उघडे, वाफ ढोलात जात होती, काटा जागेवर होता. तो म्हणाला, "मावशी, तुमच्या हाताला गुण हाय. आग बराबर लागून राहिली." बेबीबाई हसली नाही. टाकीला वळसा घालून ती एकदा फाळ बघून आली. पण कामाचा रेटा लागला आणि ती विसरली. विसरली म्हणण्यापेक्षा, तिकडं बघायचं तिनं सोडलं.

सूर्य नुकता पळसाच्या वर आला होता. धम्मानंद दुसऱ्या ढोलाचं झाकण आवळत होता. शिला गाड्याच्या चाकाला टेकून पोराला पाजत होती. तेव्हा आखाड्यातल्या बैलांनी एकदम दावं ताणलं.

आधी आवाज आला. भुईच्या पोटात कुणी भलंमोठं जातं ओढावं असा. टोळीला हा आवाज तसा नवा नव्हता. आल्या दिवशी संध्याकाळीच एकदा गुरगुरलं होतं, तेव्हा दगडोबा म्हणाला होता, "भिऊ नका गं. आमच्या भुईला घोरायची सवय हाय. दोन-चार दिसाला एकदा घोरतीच." बाया हसल्या होत्या. बेबीबाई रात्रभर जागी होती.

पण हे घोरणं नव्हतं. आवाज पायांत शिरला, गुडघ्यांत चढला. आखाड्यावरचे पत्रे थडाथडा वाजायला लागले. पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड घरंगळून खाली आले, एक दगड पाण्याच्या रांजणावर पडला. ढोल हलले, झाकणं खडखडली, नळाच्या सांध्यातून वाफेचा फवारा सुटला. दगडोबाची बायको आशाबाई पिठाच्या हातानं बाहेर पळत आली. बाया किंचाळल्या. मोजून दहा श्वास, जास्त नाही. मग सगळं थांबलं आणि कान बधिर झाल्यासारखी शांतता पडली.

"खळ्यावर या! समदे खळ्यावर!" दगडोबा ओरडला. "भिंतीजवळ कुणी थांबू नका!"

धम्मानंदनं झटकन दोन्ही ढोलांचे कॉक बंद केले, सांधा गळायचा थांबला. मग त्यानं मोबाईल काढला. लागला नाही. पुन्हा लावला. त्याचा चेहरा पडला.

"मावशी, म्हातारी एकटी हाय घरी. दगडामातीचं घर हाय आमचं." मोटारसायकलला त्यानं लाथ घातली. "जाऊन बघून येतो. भट्टीत आता काही घालू नका. टाकीत पानी भरपूर हाय. दाब वाढला तर शिट्टी आपोआप सुटंल. वाजली तरी भिऊ नका, तिचं कामच ते हाय."

बेबीबाईचं तोंड उघडलं. जिभेवर शब्द आला होता. थांब, एवढाच. पण त्या पोराच्या डोळ्यांत त्याची आई दिसत होती, बाया सगळ्या हिच्याकडं बघत होत्या, आणि आठ जणींपुढं सांगायचं काय, की मी तुझ्या कुकरला हात लावला? तिनं तोंड मिटलं. गाडी धुरळा उडवत वळणाआड गेली.

ती पहिली चूक फाळाची. ही दुसरी, आणि हीच मोठी, असं बेबीबाई पुढं कायम म्हणायची.

मागं राहिलेली माणसं खळ्यावर बसली. चारी बाजूंना भिंत नाही, डोक्यावर पत्रा नाही, अशी जागा एकच. खळ्याच्या मधोमध, कुकरपाशी. थंडी आणि भ्या, दोन्हीनं अंगं थरथरत होती, म्हणून बाया भट्टीच्या उबेला सरकल्या. शिला पोराला पदरात घट्ट धरून चाकाशीच बसली. आशाबाई पिठाचे हात आभाळाकडं जोडून नागनाथाला हाक मारत होती. पुन्हा एकदा भुई गुरगुरली, बारीक, लांबून. सगळ्यांनी एकमेकींचे हात धरले.

बेबीबाई मोजत होती. आठ, मी नववी. दगडोबा, आशाबाई. शिलाचं लेकरू. मोजता मोजता तिच्या ध्यानात आलं की कुठलातरी आवाज कमी आहे. भट्टी घुमत होती. धक्क्याच्या आधी तिनंच कोंबलेल्या पऱ्हाट्या आत धडाडून पेटल्या होत्या. ढोलांचे कॉक बंद. वाफेला जायला वाट नाही. एव्हाना शिट्टीनं शिवार डोक्यावर घ्यायला पाहिजे होतं.

शिट्टी गप्प होती.

ती उठून दोन पावलं गेली आणि काट्याच्या काचेकडं बघितलं. काटा लाल रेघेला टेकला नव्हता, तो रेघ ओलांडून गेला होता. टाकीचं लोखंड आतून टिकटिक करत होतं, लहान किडा भिंतीत कुरतडावा तसं.

"उठा," ती म्हणाली. आवाज निघालाच नाही. "उठा गं. समद्या उठा. काढलेल्या वावरात चला, बांधापल्याड."

"कुठं?" दगडोबा तडकला. "मुकादमीन, हितून हलायचं न्हाई. हे मोकळं हाय. तिकडं हीर हाय. भुई खचली म्हंजे हिरीत जाल समद्या. मी वर्षानुवर्ष हे ऐकून राहिलो, मला शिकवू नका."

बाया कधी त्याच्याकडं बघायच्या, कधी हिच्याकडं. कुणी उठेना.

"काहून उठायचं?" अनुसयाबाईनं विचारलं. "माझे गुडघे बसले की उठत न्हाईत. कारण सांग, मंग उठते."

साप निघाला म्हणावं, असं बेबीबाईच्या मनात आलं. साप म्हटलं की टणाटण उठतील. पण सापाला भिऊन माणूस एका दिशेला पळत नाही. शिला पोराला घेऊन आखाड्यात शिरेल, आशाबाई घरात, आणि काकी ढोलावर चढेल. शिवाय आजवर टोळीला ती खोटं बोलली नव्हती, आणि आज बोलली तर त्या खोट्याखाली कोण मरेल याचा नेम नव्हता. तिनं दोन्ही हात साडीला पुसले.

"मी शिट्टीवर फाळ टांगलाय," ती म्हणाली. "काल दुपारी. धम्मानंदला ठावं न्हाई. शिट्टी सुटणार न्हाई. कुकर फुटंल."

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग शिलाला समजलं. ती पाठ टेकलेल्या चाकापासून अशी उठली की जणू चाक तापलं होतं. तिनं बेबीबाईकडं एकदा बघितलं. ते बघणं बेबीबाई मरेपर्यंत विसरणार नव्हती.

"तुझ्या तोंडात माती," अनुसयाबाई म्हणाली आणि निताचा खांदा धरून उठली. गुडघे उठले.

"बैलं!" दगडोबानं आखाड्याकडं धाव घेतली, दावी कापली, बैल पिटाळले. बाया हळद काढलेल्या रिकाम्या वावरातून, ढेकळांवरून ठेचकाळत पळाल्या. बेबीबाई सगळ्यांच्या मागं. बांधापल्याड पोचल्यावर तिनं पुन्हा मोजलं. आठ. दगडोबा, आशाबाई, लेकरू. झाले सगळे.

आता तिनंही तिथंच बसायला काही हरकत नव्हती. कुकर फुटला असता तर लोखंडच गेलं असतं. ती बसलीही. मग तिची नजर रस्त्याकडं गेली. धम्मानंद येणार. आईला बघून येणार, गाडी लावणार आणि सरळ कुकरपाशी जाऊन वाकून काट्याकडं बघणार. कारण त्याचा शिट्टीवर भरवसा आहे. तो हिच्या मोजणीत धरलेलाच नव्हता.

"निता, लाव त्याला फोन."

"लागंना याडी. समदे एकदाच लावून राहिले जणू." टोळीतल्या पोरी तिला याडी म्हणायच्या, म्हणजे आई.

बेबीबाई उठली. बांधावर ती एकदा बसली, पुन्हा उठली. मागून दगडोबा ओरडला, "ए बाई, मरायचंय का?" तिला ओरडून सांगावंसं वाटलं की न्हाई, मला अजिबात मरायचं न्हाई, मला लई भ्या वाटून राहिलं, कुणीतरी मला धरा. पण पाय चालत राहिले.

भट्टीतली आग ओढायचा लोखंडी आकडा तिथंच पडला होता. ती गुडघ्यांवर बसली, तोंड एका बाजूला वळवलं आणि आग बाहेर ओढायला लागली. पेटलेल्या पऱ्हाट्या खळ्यावर विखुरल्या, एक निखारा मनगटाला चिकटला, तो तिनं झटकला नाही कारण आकडा सोडला असता तर पुन्हा धरवला नसता. भट्टी रिकामी झाली. वरून टिकटिक चालूच. टाकीला हात लावायची छाती नव्हती. चिंचेला शेळ्यांचा पाला पाडायची आकडी टेकलेली होती, लांब बांबू आणि टोकाला विळ्यासारखं पातं. ती घेऊन बेबीबाई चिंचेच्या खोडाआड उभी राहिली, डोळे बारीक केले आणि पातं तारेत अडकवलं. ओढलं. तार निसटली. पुन्हा अडकवलं. तोंडातून तिच्या नकळत गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत आईला हाका निघत होत्या, लहान पोरीसारख्या. याडी वं, याडी. तिसऱ्या वेळी फाळ दांडीवरून घसरला आणि खणकन गाड्यावर आदळला.

मग जो आवाज झाला तो ऐकून तिला वाटलं, फुटला. ती खोडाशी पालथी पडली, डोकं हातांत धरून. आवाज थांबेना. वरून कोमट पाण्याचे बारीक थेंब पडत होते. किती वेळानं तिला कळलं की ही शिट्टी आहे, आणि ती नुसती वाजते आहे, तिचं काम करते आहे. साडी ओली झाली होती. वाफेनं की भ्यानं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

शिट्टी वेशीपर्यंत ऐकू गेली. धम्मानंद तिच्याच आवाजावर आला. "म्हातारी ठीक हाय," तो गाडीवरूनच म्हणाला, "अंगणात बसून शेजाऱ्यांना शिव्या देऊन राहिली." मग त्याला खळ्यावरचे निखारे दिसले, बांधापल्याडची माणसं दिसली, आणि गाड्यावर पडलेला फाळ.

दगडोबा तावातावानं आला. "उचल तुझा हा डबा माझ्या वावरातून! लेकराबाळांच्या जिवावर उठला होतास! असला मोडका कुकर घेऊन गावोगाव हिंडून राहिला?"

धम्मानंद फाळाकडं बघत होता. बेबीबाई चिंचेजवळून उठली. तिला वाटलं असतं तर ती गप्प बसू शकली असती; दगडोबाचा राग पोरावर निघत होता आणि फाळ कुणी टांगला हे धम्मानंदला अजून ठाऊक नव्हतं.

"त्याच्यावर ओरडू नका भाऊ," ती म्हणाली. "कुकर चांगला हाय. फाळ मी टांगला."

"ते मी ऐकलं की. पन यानं बघायला नको?"

"मी लपवून टांगला. त्याला दिसणार न्हाई असा. तो निघाला तवाबी मी सांगितलं न्हाई."

धम्मानंद फाळ हातात घेऊन तिच्यापुढं येऊन उभा राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मावशी, तुमी एक शब्द बोलला असता तर मी गेलोच नसतो."

"लाज वाटली," ती म्हणाली.

त्यानं फाळ लांब चिंचेपल्याड भिरकावला आणि पाठ फिरवून सांधे तपासायला लागला.

बाया एकेक करून खळ्यावर आल्या, पण बेबीबाईच्या जवळ कुणी बसलं नाही. शिला तर पोराला घेऊन पार उकिरड्याच्या बाजूला जाऊन बसली. बेबीबाईनं मनगट पाण्यात बुडवलं. मग उभी राहिली आणि जे बोलायचं ते बोलून टाकलं.

"ज्याला घरी जायचं त्यानं जावं. जीप मी बोलावते. पुढं टोळीला दुसरा मुकादम बघा. मी..." तिनं जळकं मनगट दुसऱ्या हातात धरलं. "मला भ्या वाटतं. आजच न्हाई. मला रोजच भ्या वाटतं. सापाचं, जीपचं, हिरीचं. तुमाला वाटत असंल मी लई खंबीर हाय. मी न्हाई."

बायांनी एकमेकींकडं बघितलं. अनुसयाबाई गुडघा चोळत होती.

"हे काय नवीन सांगून राहिली?" ती म्हणाली. "जीपमधी वळण आलं की माझी मांडी धरतीस तू. काळंनिळं झालंय मांस. अकरा वर्षं झाली. आमाला डोळे न्हाईत व्हय?"

निता हसली, मग तिला हसायचं वाईट वाटलं आणि तिनं तोंडावर पदर धरला. "ताडपत्रीला काठी मारताना तुझे डोळे मिटलेले असतेत याडी," ती हळूच म्हणाली. "साप असला तरी तुला दिसायचा न्हाई."

"मंग तुमी..." बेबीबाई म्हणाली.

"मंग काय? भिणारं माणूस बरं. न भिणारा मुकादम माझ्या भावानं बघितला, दोन बोटं गमावून आला." अनुसयाबाईनं थुंकी टाकली. "पन फाळ टांगलास ते वाईट केलंस. ते मी इसरणार न्हाई. मला फाट्यावर सोडलंस ते तरी कुठं इसरले?"

शिला उकिरड्यापासून उठली नाही. तिथूनच बोलली, तांड्यातल्या भाषेत नव्हे, मराठीत, धम्मानंदलाही ऐकू जाईल अशी. "होळीसाठी केलं हे. माझ्या लेकरासाठी केलं म्हणशील. मी सांगितलं होतं का तुला, घाई कर म्हणून?"

"न्हाई."

"लेकरू माझं त्या चाकाला टेकलं होतं."

"व्हय."

शिलाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसत नव्हती. लांब कुठंतरी भुई पुन्हा एकदा गुरगुरली, पत्रा जरासा किणकिणला. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले, आणि सगळ्यांच्या आधी बेबीबाईचा चेहरा पांढरा पडला. शिलानं तो बघितला.

"इथून पुढं दर ढोलाला शिट्टी मी बघणार," शिला शेवटी म्हणाली. "आधी मी हात लावून बघणार, मंग आग लागंल. तू न्हाई. होळी हुकली तर हुकली."

"बघ," बेबीबाई म्हणाली.

"आणि सासूला तूच सांगायचं. काय झालं ते. सगळं."

"सांगते."

एवढ्यात धम्मानंदनं ढोलावर हाताची थाप मारली. "अवं, भांडण मागून करा. ह्या ढोलातली हळद आत वाफंत बसून राहिली कवाची. जास्त शिजली तर चिखल व्हईल. उतरवायची का न्हाई?"

कुणी लगेच हललं नाही. ढोल म्हणजे कुकर, आणि कुकरपाशी जायची अजून कुणाची तयारी नव्हती. बायांनी सवयीनं बेबीबाईकडं बघितलं आणि बघितलं म्हणून स्वतःवरच चिडल्यासारख्या माना वळवल्या. बेबीबाईनं जळक्या मनगटावर पदराचं टोक गुंडाळलं. ती ढोलापाशी गेली. धम्मानंदनं झाकण सैल केलं, वाफेचा पिवळा लोट तोंडावर आला. तिनं डोळे मिटले, मग उघडले, भुईवरची एक काडी उचलली आणि वरच्या हळकुंडात खुपसली. काडी लोण्यात जावी तशी आरपार गेली.

"शिजली," ती म्हणाली. "थोडी जास्तच. कलता कर."

ढोल कलला. हळद वाफाळत ताडपत्रीवर पडली. बेबीबाई खाली बसली आणि हातानं ती पसरायला लागली, एकावर एक राहणार नाहीत अशी, बोटं पोळली की फुंकर मारत, पुन्हा पसरत.

"निता, तो कोपरा ओढ. दुमडलाय."